युरोपचा संरक्षण उद्योग: भागीदारी आणि भाऊबंदकी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

राफेलची चर्चा आपल्याकडे सुरू झाली तेव्हापासून काही प्रश्न सतत कानावर येतात. युरोप एक आहे म्हणतात, मग त्यांची विमानं एकमेकांविरुद्ध निविदा का भरतात? एकत्र बनवलेलं शस्त्र स्वस्त पडायला हवं, ते महाग का पडतं? इथे त्यांची जमेल तितकी सविस्तर उत्तरं दिली आहेत. माझं मत आधीच सांगतो. युरोपीय देशांना मिळून शस्त्रं बनवता येतात, त्यांनी ते करून दाखवलं आहे. पण कोणत्या देशाच्या कारखान्याला किती काम मिळणार, ही वाटणी सैनिकाच्या गरजेच्या आधी सुरू झाली की प्रकल्प रखडतो आणि त्याची किंमत सैनिक मोजतो.

युरोपीय संघात मोटारी, औषधं, दूध सगळं सीमा ओलांडून मोकळेपणाने विकलं जातं. मग तोफा आणि रणगाडे का नाही?

कारण सामाईक बाजारपेठेचा पाया घालणाऱ्या १९५७ च्या रोम करारातच शस्त्रांना बाजूला ठेवलं होतं. तेव्हाचं कलम २२३, आजचं कलम ३४६. स्वतःच्या सुरक्षेच्या मूलभूत हितासाठी गरजेचं वाटलं, तर शस्त्रांचं उत्पादन आणि व्यापार यांच्याबाबत कोणतंही सरकार स्वतंत्र निर्णय घेऊ शकतं, असा त्याचा आशय. कोणत्या वस्तूंना हे लागू होतं त्याची यादी १९५८ मध्ये ठरली. २००९ मध्ये संरक्षण खरेदीसाठी वेगळे नियम आले, खुल्या निविदांची अपेक्षा ठेवली गेली; तरी मोठी खरेदी आली की सरकारं अजूनही याच कलमाचा आधार घेतात आणि आपल्या घरच्या कंपनीला काम देतात.

याचा परिणाम इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांनी युरोपीय संघासाठी केलेल्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात एका वाक्यात दिसतो: युरोपीय संघाच्या सैन्यांत मुख्य रणगाड्यांचे १२ प्रकार आहेत, अमेरिका एकच प्रकार बनवते. १२ प्रकार म्हणजे सुट्या भागांची १२ कोठारं, दुरुस्तीच्या १२ पद्धती आणि मेकॅनिकला शिकवायचे १२ अभ्यासक्रम.

युरोपात लढाऊ विमानं तीन का? राफेल, टायफून आणि ग्रिपेन दिसायलाही सारखीच आहेत.

सारखी दिसतात, कारण तिन्ही एकाच काळात, साधारण एकाच विचारातून जन्मली. त्रिकोणी मुख्य पंख आणि पुढे दोन छोटे पंख ही तिघांची ओळख. ग्रिपेनचं समजू शकतं. स्वीडन तेव्हा तटस्थ होता, त्याला हलकं, कमी खर्चाचं, गरज पडल्यास साध्या रस्त्यावर उतरवता येईल असं विमान हवं होतं, आणि लिंकोपिंगच्या साब कंपनीने ते बनवलं. त्याचं इंजिन मात्र मुळात अमेरिकी आहे.

राफेल आणि टायफून वेगळे व्हायची गरज नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्पेन हे पाचही देश एकाच टेबलावर होते. फ्रान्सच्या दोन अटी होत्या. विमान जरा हलकं हवं आणि विमानवाहू नौकेवर उतरता आलं पाहिजे, ही पहिली. आराखड्याचं नेतृत्व फ्रान्सच्या दासो या विमान कंपनीकडे आणि इंजिन फ्रान्सच्या स्नेक्मा कंपनीचं, ही दुसरी. ब्रिटनला जड, हवेतल्या लढतीत भारी पडणारं विमान हवं होतं, आणि रोल्स-रॉइस असताना इंजिन फ्रान्सला देणं त्याला मान्य होणार नव्हतं. १९८५ च्या उन्हाळ्यात फ्रान्स बाहेर पडला. ४ जुलै १९८६ रोजी राफेलच्या पहिल्या नमुन्याने उड्डाण केलं. उरलेल्या चार देशांच्या टायफूनला आकाशात जायला २७ मार्च १९९४ उजाडावा लागला.

फ्रान्सचा हा हट्ट अनेकांना अहंकार वाटतो. मला तो तसा वाटत नाही. १९५६ च्या सुएझ प्रकरणात अमेरिकेच्या दबावाखाली माघार घ्यावी लागल्यापासून शस्त्रांच्या बाबतीत कोणावर अवलंबून राहायचं नाही, ही त्या देशाची पक्की धारणा आहे. अण्वस्त्र वाहून नेणारं विमान भागीदाराच्या परवानगीवर ठेवायला तो तयार नाही. त्याची किंमतही त्याने मोजली. राफेलचा पहिला परदेशी ग्राहक, इजिप्त, थेट २०१५ मध्ये मिळाला. जवळजवळ ३० वर्षं एकट्या फ्रेंच करदात्याने ते विमान पोसलं.

भागीदारीत विमान प्रत्यक्षात बनतं तरी कसं?

टायफूनचंच उदाहरण घेऊ. डावा पंख इटलीत बनतो, उजवा पंख स्पेनमध्ये. सांगाड्याचा मधला भाग जर्मनीत, पुढचा भाग आणि वैमानिकाची जागा ब्रिटनमध्ये. एकाच विमानाचे दोन पंख, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी असे, दोन देशांत, दोन भाषा बोलणारे कामगार बनवतात. मग हे सगळे तुकडे जुळणीसाठी एका ठिकाणी जात असतील असं वाटेल. तसंही नाही. जुळणीचे कारखाने चार आहेत: ब्रिटनमध्ये वॉर्टन, जर्मनीत मांचिंग, इटलीत तुरीनजवळ कासेल्ले आणि स्पेनमध्ये माद्रिदजवळ हेताफे. ज्याचं विमान, त्याच्या घरी जुळणी.

कोणाला किती काम? जो जितकी विमानं घेणार तितका त्याचा वाटा, हा नियम. सुरुवातीला ब्रिटन आणि जर्मनी प्रत्येकी २५०, इटली १६५ आणि स्पेन १०० विमानं घेणार होते. त्यानुसार वाटे ३३, ३३, २१ आणि १३ टक्के ठरले. पुढे शीतयुद्ध संपलं, जर्मनीचं एकीकरण झालं, पैशांची ओढाताण सुरू झाली आणि जर्मनीने मागणी १४० पर्यंत खाली आणायचं ठरवलं. कामाचा वाटा मात्र सोडेना. आपल्याकडे सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे असते. जमीन विकायची पण पाळी सोडायची नाही असं एखाद्या भावाने म्हटलं तर घरात जे होईल, तेच इथे झालं. शेवटी जर्मनीने १८० विमानं घ्यायची आणि वाटा ३० टक्के, यावर तडजोड झाली. त्या वर्षांत वैमानिक वाट पाहत राहिले.

या हिशोबाला युरोपात ‘न्याय्य परतावा’ म्हणतात: मी घातलेला प्रत्येक युरो माझ्या देशातल्या कामाच्या रूपाने परत आला पाहिजे. घोडं इथंच पेंड खातं. १९९६ मध्ये संयुक्त खरेदीसाठी ओकार ही संस्था उभी राहिली, ती हा हिशोब मोडण्यासाठीच. प्रत्येक प्रकल्पात पैशाला पैसा न मोजता अनेक वर्षांच्या, अनेक प्रकल्पांच्या बेरजेत समतोल पाहायचा, असं तिच्या नियमात आहे. कागदावर ते सुंदर आहे. पण खासदाराला पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातला कारखाना दाखवायचा असतो.

खर्च वाटला गेला तर प्रत्येकाला स्वस्त पडायला हवं. पडतं का?

प्रत्येक देशाचा खर्च एकट्याने बनवण्यापेक्षा कमी होतो, एकूण खर्च मात्र वाढतो. चार जुळणी कारखाने, चार प्रकारच्या चाचण्या, प्रत्येक बदलाला चार सह्या. आणि प्रत्येकाला थोडं वेगळं हवं असतं.

एनएच९० हेलिकॉप्टर हे याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि नेदरलँड्स यांनी ते काढलं. सैन्यासाठी एक आणि नौदलासाठी एक असे दोन नमुने पुरेसे होते. प्रत्येक ग्राहकाने आपापले बदल करून घेतले आणि उपप्रकार २० च्या वर गेले. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेना. नॉर्वेने २००१ मध्ये १४ हेलिकॉप्टरं मागवली होती. या ताफ्याकडून वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सरासरी ७०० तासांच्या आसपास मिळत होते. जून २०२२ मध्ये नॉर्वेने करारच रद्द केला, हेलिकॉप्टरं परत न्या आणि पैसे द्या म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकी सीहॉक निवडलं. उत्तर समुद्रात पाणबुडी शोधायला निघालेल्या युद्धनौकेच्या डेकवर हेलिकॉप्टरच नसेल, तर ‘युरोपीय सहकार्य’ या शब्दांचा त्या खलाशाला उपयोग काय?

ए४००एम या मालवाहू विमानाची कथा निराळी आहे. २००३ मध्ये सात देशांनी १८० विमानांचा करार केला. इंजिनासाठी कॅनडाच्या कंपनीची स्वस्त बोली होती, पण राजकीय दबावानंतर काम युरोपीय कंपन्यांच्या नव्या गटाकडे गेलं, ज्यांनी इतकं मोठं टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं) इंजिन एकत्र कधी बनवलंच नव्हतं. इंजिनाचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर रखडलं. पहिलं उड्डाण सेव्हियात डिसेंबर २००९ मध्ये झालं आणि ग्राहक देशांना आणखी ३.५ अब्ज युरोंची सोय करावी लागली. आज ते विमान उत्तम काम करतं, हेही सांगायला हवं. काबूलमधून माणसं बाहेर काढताना २०२१ मध्ये ते जगाने पाहिलं.

मग सहकार्य जमलं कुठे?

क्षेपणास्त्रांत. २००१ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांच्या क्षेपणास्त्र कंपन्या एकत्र येऊन एमबीडीए उभी राहिली. जर्मनीचा हिस्साही पुढे तिच्यात आला. एअरबस आणि ब्रिटनची बीएई यांचे प्रत्येकी ३७.५ टक्के, इटलीच्या लिओनार्दोचे २५ टक्के. विमानांत एकमेकांचे वैरी असलेले इथे एका छताखाली आहेत. त्यांचं मीटिओर हे हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र सहा देशांनी मिळून केलं आणि ते राफेल, टायफून, ग्रिपेन तिन्हींवर लागतं. ते जमलं कारण प्रकल्पाची सूत्रं एका कंपनीच्या हाती होती आणि गरज सगळ्यांची एकच होती: दूरवरच्या विमानापर्यंत पोचताना ज्याचा जोर संपणार नाही असं क्षेपणास्त्र.

न्यूरॉन हे दुसरं उदाहरण, लोकांना फारसं माहीत नसलेलं. वैमानिकाशिवाय उडणारं, रडारला सहज न दिसणारं प्रायोगिक विमान. फ्रान्ससह सहा देश होते, पण प्रमुख एकच, दासो. भागीदाराला काम मिळालं ते त्याच्या हातात कसब होतं म्हणून. डिसेंबर २०१२ मध्ये ते उडालं, आणि खर्चही आटोक्यात राहिला.

तिसरा मार्ग बनवण्याचा नाही, वापरण्याचा. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन तळावर हवेत इंधन भरणाऱ्या एअरबस विमानांचा ताफा अनेक देशांचा मिळून आहे. प्रत्येक देश उड्डाणाचे तास विकत घेतो. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशालाही त्यातून सेवा मिळते. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पुढच्या पिढीच्या विमानाचं काय चाललं आहे?

पुन्हा दोन गट पडले आहेत. जुलै २०१७ मध्ये फ्रान्सचे मॅक्रॉन आणि जर्मनीच्या मर्केल यांनी एफकास हा संयुक्त लढाऊ विमानाचा प्रकल्प जाहीर केला, २०१९ मध्ये स्पेन आला. विमान, त्याच्यासोबत उडणारे ड्रोन आणि सगळ्यांना जोडणारं जाळं अशी ती कल्पना. दासो आणि एअरबस यांच्यात विमानाचं नेतृत्व कोणी करायचं यावरून वाद आहे. दासोचं म्हणणं: जबाबदारी माझी असेल तर निर्णयही माझे हवेत. एअरबसचं म्हणणं: जर्मनी आणि स्पेन पैसे भरणार तर त्यांनी ठेकेदार होऊन राहायचं का? दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणूनच तोडगा निघणं कठीण. २०२५ संपलं तरी तो निघाला नव्हता.

दुसरीकडे ब्रिटन आणि इटली यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जपानला सोबत घेतलं. बीएई, लिओनार्दो आणि जपानी कंपनी यांचा एजविंग नावाचा संयुक्त उपक्रम आहे, तिघांचा वाटा समान, आणि २०३५ पर्यंत विमान सेवेत आणायचं ठरलं आहे. जपानला तारीख पाळण्याची घाई आहे. ही घाईच त्या प्रकल्पाचं मोठं बळ आहे असं मला वाटतं.

युक्रेन युद्धाने काय दाखवलं?

एक तोफगोळा हातात घ्या, म्हणजे घेता आला तर, कारण १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचं वजन ४०-४५ किलो असतं. पोलादी कवच, आत टीएनटी किंवा तत्सम स्फोटक, टोकाला आट्यांवर बसवलेला फ्यूज. फेकणारी दारू वेगळी, तिचे ठोकळे तोफेत मागून भरतात. व्यास सगळ्या नाटो देशांत एकच, १५५. पण एका देशाचा गोळा दुसऱ्या देशाच्या तोफेतून उडवायचा तर त्या जोडीची चाचणी, मारा-पल्ल्याची कोष्टकं, तोफेच्या संगणकातली माहिती, सगळं लागतं. युक्रेनच्या तोफखान्याला युरोपातून नाना जातीच्या तोफा मिळाल्या आणि ही विविधता थेट आघाडीवर, चिखलात, भोगावी लागली.

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने १२ महिन्यांत १० लाख गोळे देण्याचं वचन दिलं. मुदत संपली तेव्हा साधारण निम्मे पोचले होते. पैसा होता, कारखाने नव्हते. संघात टीएनटीचा मोठा उत्पादक पोलंडमधल्या बिदगोश्चचा एक कारखाना. फेकणाऱ्या दारूसाठी लागणारं नायट्रोसेल्युलोज कापसाच्या आखूड तंतूंपासून बनतं आणि ते तंतू मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. ३० वर्षं शांततेत हे सगळं आटत गेलं होतं. त्यानंतर वेग आला: फ्रान्समध्ये बर्जराक इथे दारूचा कारखाना पुन्हा उभा राहू लागला, आणि जर्मनीत उंटरल्यूस इथे राइनमेटाल या जर्मन शस्त्र कंपनीचा नवा कारखाना पायाभरणीनंतर दीडेक वर्षात, ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. वर्षाला साडेतीन लाख गोळे हे त्याचं लक्ष्य.

युरोपीय देश अमेरिकेकडून इतकं का घेतात?

वेळेवर मिळतं म्हणून, आणि सोबत अमेरिकेच्या संरक्षणाचं वचन येतं म्हणून. बेल्जियम, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलँड, पोलंड, इटली, ब्रिटन, सगळ्यांनी अमेरिकेचं एफ-३५ लढाऊ विमान घेतलं. २०२२ मध्ये जर्मनीनेही ३५ घेतली. पोलंडने त्याच वर्षी रणगाडे, तोफा आणि विमानांसाठी थेट दक्षिण कोरिया गाठलं, कारण जर्मन लेओपार्ड रणगाड्यांसाठी थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. पोलिश माणसाला युद्ध शेजारच्या अंगणात दिसत होतं.

द्राघींच्या अहवालात आकडा आहे की जून २०२२ ते जून २०२३ या वर्षात संघातल्या देशांच्या खरेदीचा ७८ टक्के पैसा संघाबाहेर गेला, ६३ टक्के एकट्या अमेरिकेकडे. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, पण त्यावर वाद आहे. लंडनच्या आयआयएसएस या संरक्षण अभ्यास संस्थेने नाटोतल्या युरोपीय देशांचा हिशोब वेगळ्या पद्धतीने मांडला तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त पैसा युरोपातच राहिल्याचं दिसलं.

हवाई संरक्षणात ही फूट उघड झाली. जर्मनीने २०२२ मध्ये ‘स्काय शील्ड’ ही अनेक देशांची हवाई संरक्षण योजना काढली, तिच्यात जर्मन आयरिस-टीसोबत अमेरिकी पेट्रियट आणि इस्रायली अ‍ॅरो ३. फ्रान्स आणि इटलीची स्वतःची साम्प-टी यंत्रणा असताना तिला जागा नव्हती; फ्रान्स बाहेर राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्मार्कने मात्र पेट्रियट सोडून साम्प-टी निवडली. ग्रीनलँडवरून अमेरिकेने त्या देशाला ज्या भाषेत सुनावलं, ते पाहता त्या निवडीला वेगळं वजन आहे.

भागीदारीत बनवलेलं शस्त्र कोणाला विकायचं, हे कोण ठरवतं?

सगळे मिळून, म्हणजे कोणीही एक जण अडवू शकतो. २०१८ मध्ये सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येनंतर जर्मनीने सौदी अरेबियाला शस्त्रं देणं थांबवलं आणि ब्रिटन सौदीला विकणार होता ती टायफूनं अडकली. जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीने विरोध मागे घेतला. तुर्कस्तानच्या बाबतीतही जर्मनीचा होकार २०२५ मध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये २० विमानांचा ८ अब्ज पौंडांचा करार झाला. फ्रान्सला भागीदारीची धास्ती वाटते ती यामुळेच. जर्मनीचा नैतिक आग्रह मला पटतो. पण त्याचे नियम करार करतानाच ठरायला हवेत.

ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, आता पैसे देतं म्हणतात. किती?

संशोधनासाठी २०२१ ते २०२७ या काळात सुमारे ८ अब्ज युरो. खरेदीसाठी मे २०२५ मध्ये मंजूर झालेली सेफ योजना: १५० अब्ज युरोंची कर्जं, अट अशी की वस्तूच्या किमतीतले ६५ टक्के भाग संघातले, युक्रेनचे किंवा नॉर्वेसारख्या जवळच्या देशांचे असावेत. सर्वांत मोठा वाटा पोलंडचा. ब्रिटनला यात यायचं होतं. प्रवेश शुल्कावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये बोलणी फिसकटली. युरोपातल्या सर्वांत मोठ्या संरक्षण कंपनीचा देश दाराबाहेर राहिला, ही मला दोन्ही बाजूंची चूक वाटते.

याचा आपल्याशी काय संबंध?

मुंबईत माझगाव डॉकच्या फाटकापाशी उभं राहिलात तर ही सगळी कथा एका धक्क्यावर दिसते. तिथे आधी जर्मन आराखड्याच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या: शल्की १९९२ मध्ये नौदलात आली, शंकुल १९९४ मध्ये. नंतर फ्रेंच स्कॉर्पीन आली. २००५ चा करार, २०१७ मध्ये कलवरी, आणि जानेवारी २०२५ मध्ये सहावी, वागशीर. ही स्कॉर्पीन मुळात फ्रान्स आणि स्पेन यांनी मिळून आखली होती. स्पेनने स्वतःच्या नौदलासाठी वेगळी एस-८० काढली, तिच्यात अमेरिकी लढाऊ यंत्रणा घेतली आणि दोघांचं बिनसलं. एस-८० चं वजन हिशोबापेक्षा कित्येक टनांनी जास्त भरलं आणि सांगाडा लांबवावा लागला, तो भाग वेगळाच.

पुढच्या सहा पाणबुड्यांच्या स्पर्धेत जर्मनीची टीकेएमएस माझगाव डॉकसोबत आणि स्पेनची नावान्तिया एल अँड टीसोबत, असे दोन युरोपीय एकमेकांसमोर आले. जानेवारी २०२५ मध्ये स्पॅनिश प्रस्ताव बाद ठरला आणि माझगावची जर्मन जोडी उरली. ज्या धक्क्यावर जोडारीने आधी जर्मन रेखाचित्रं वाचली, मग फ्रेंच, तिथे आता पुन्हा जर्मन येतील.

राइनमेटालनेही मे २०२५ मध्ये रिलायन्स डिफेन्सशी दारूगोळ्याचा करार जाहीर केला आणि त्यासाठीच्या कारखान्याची जागा म्हणून रत्नागिरीजवळच्या वाटदचं नाव आलं. युरोपला गोळे कमी पडतात तेव्हा जमीन कोकणातली लागते. तिथल्या गावकऱ्यांनी हे सगळं समजून घ्यायला हवं आणि आपले प्रश्न जमीन जाण्याआधी विचारायला हवेत.

जुनी भागीदारी संपली की त्या शस्त्रांचं काय होतं?

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून जॅग्वार विमान बनवलं. फ्रान्सने ते २००५ मध्ये निवृत्त केलं, ब्रिटनने २००७ मध्ये. भारतीय हवाई दल ते अजून उडवतं आणि सुट्या भागांसाठी फ्रान्सने काढून टाकलेले सांगाडे आपण इथे आणले.